ऑनलाइन मार्केटिंगचा धंदा आणि त्याभोवतीची जोडउत्पन्नं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक, कोल्हापूर, लातूरसारख्या शहरांत एकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून दुकानांच्या, क्लासेसच्या, बिल्डरांच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळणारे आता खूप झाले आहेत. महिन्याची फी घ्यायची, पोस्ट आणि रील टाकायच्या, मेटा (फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपची कंपनी) आणि गुगलवर जाहिराती चालवायच्या, महिनाअखेरीला रिपोर्ट द्यायचा. काम चालतं, पण दोन क्लायंट सुटले की घराचा हप्ता आठवतो. मग ‘अजून कुठून कमावता येईल?’ हा प्रश्न सुरू होतो. त्याच्या आगेमागे नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू होत असल्याने तिथले क्रमांक वेगळे आहेत.

ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे ते साखळीचं काम ना? खाली माणसं जोडायची?

नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला हसू नका, सासरची माणसं तर पहिल्यांदा हेच विचारतात आणि त्यांचा अनुभव कडू असतो. इथे ज्या धंद्याविषयी बोलतोय त्यात दुसऱ्याच्या मालाची किंवा सेवेची जाहिरात करायची आणि त्या कामाचे पैसे घ्यायचे. माणसं भरती केल्याबद्दल पैसे देणाऱ्या योजनांना १९७८ च्या मनी सर्क्युलेशन बंदी कायद्याने मनाई आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या डायरेक्ट सेलिंगच्या नियमांनीही पिरॅमिड योजना स्पष्ट शब्दांत नाकारल्या आहेत. ‘जोडउत्पन्न’ म्हणून कोणी तुम्हाला अशा मीटिंगला बोलावलं, तर एकच विचारा : नवा माणूस न जोडता, नुसता माल विकून इथे कोणाचं घर चालतं का?

जोडउत्पन्न कधी सुरू करावं?

मुख्य कामाचे पैसे न मागता यायला लागले की. निदान सहा महिने तरी तीन-चार क्लायंटची फी नियमित जमा होत असेल आणि त्यातून घरखर्च भागत असेल, तर पुढचा विचार करा. त्याआधी चॅनेल, कोर्स, ई-बुक असं सगळं एकदम काढणाऱ्यांचं मुख्य काम पातळ होतं. क्लायंटला ते लगेच कळतं, कारण पोस्ट उशिरा पडायला लागतात.

मग नेमकं काय करावं? यादी द्या ना.

यादी कुठेही मिळेल, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. यादी वाचून माणूस आपल्या कामाशी संबंध नसलेल्या गोष्टी उचलतो. आज ड्रॉपशिपिंग (माल स्वतःकडे न ठेवता परस्पर विकणं), उद्या टी-शर्टवर छपाई, परवा शेअर बाजाराचं चॅनेल. प्रत्येक ठिकाणी ग्राहक नवा, शिकणं नवं आणि तोटाही नवा.

त्यापेक्षा असं करा. गेल्या तीन महिन्यांत क्लायंटनी तुमच्याकडे फुकट मागितलेल्या गोष्टी लिहून काढा. ‘वेबसाइट बंद पडलीय, बघता का?’ ‘आमच्या पोरीला जरा शिकवा, ती इन्स्टाग्राम बघेल.’ ‘भावाच्या जाहिराती चालत नाहीत, एकदा नजर टाका.’ ‘बिलिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’ यातली प्रत्येक विनंती म्हणजे एक विकाऊ सेवा आहे : देखभालीचा वार्षिक करार, दुकानातल्या माणसांना प्रशिक्षण, एकदाच करून द्यायची जाहिरात खात्याची तपासणी, सॉफ्टवेअरचं अफिलिएट कमिशन (तुमच्या लिंकवरून कोणी विकत घेतलं की कंपनी देते ते). मागणी सिद्ध झालेली आहे, ग्राहक ओळखीचा आहे, काम तुम्हाला येतं. फक्त दर सांगायचा राहिलाय. मराठी माणसाला नेमकं तेच अवघड जातं, हा भाग वेगळा.

देखभालीच्या करारात खरंच पैसे आहेत का?

गाजावाजा नसलेला, पण सगळ्यांत भरवशाचा मार्ग हाच. वर्डप्रेसवरच्या वेबसाइटला अपडेट लागतात, बॅकअप लागतो, फॉर्म चालतोय का हे बघावं लागतं. कोणीतरी हे करायला हवं आणि दुकानदार ते कधीच करणार नाही. एका साइटमागे वर्षाला काही हजार रुपये म्हटले की वीस-पंचवीस साइट झाल्यावर ऑफिसचं भाडं आणि विजेचं बिल यातूनच निघतं.

दोन पथ्यं पाळा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, नेहमी क्लायंटच्या नावावर, त्याच्याच ई-मेलवर घ्या. क्लायंट हातून जाऊ नये म्हणून डोमेन स्वतःच्या नावावर ठेवणारे लोक आपल्या धंद्यात आहेत. गावात त्यांचं नाव काय होतं, तेही सगळ्यांना माहीत आहे. दुसरं, करारात काय येतं आणि काय येत नाही हे लिहून द्या. ‘छोटासा बदल’ याची व्याख्या क्लायंटची वेगळी आणि तुमची वेगळी असते.

अफिलिएट मार्केटिंगमधून किती मिळतं?

वस्तूंवर थोडं, सॉफ्टवेअरवर बरं. मोठ्या दुकानांच्या अफिलिएट योजनांत कमिशन वस्तूच्या प्रकारानुसार ठरतं आणि ते कंपनी हवं तेव्हा बदलू शकते. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत दर कापले, तेव्हा फर्निचर आणि घरसामानाचं कमिशन एका फटक्यात ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. फक्त त्यावर उभ्या असलेल्या साइट्सना त्याचा किती फटका बसला असेल, याचा अंदाज करा. होस्टिंग, ई-मेल पाठवण्याची साधनं, दुकानाचं सॉफ्टवेअर यांत ग्राहक महिनोन्‌महिने पैसे भरतो. त्यामुळे काही कंपन्या तो टिकून आहे तोवर कमिशन देत राहतात.

पण तुम्ही क्लायंटचे सल्लागार आहात. जिथे तुम्हाला जास्त कमिशन आहे तेच साधन त्याच्या गळ्यात मारलंत, तर सल्ल्याची फी घेण्याचा हक्क उरत नाही. ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं, दुसरीकडून घ्यायचं असलं तरी चालेल,’ हे तोंडावर सांगून टाका. बहुतेक जण तुमच्याच लिंकवरून घेतात.

सार्वजनिक पोस्टमध्ये तर हे सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ॲस्कीची, इन्फ्लुएन्सरसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच्या सूचना काढल्या. पैसे, कमिशन, फुकट वस्तू, यांतलं काहीही घेतलं असेल तर ते ठळक आणि पोस्टच्याच भाषेत दिसायला हवं. मराठी रीलखाली हॅशटॅगांच्या गर्दीत एक इंग्रजी शब्द दडवून ठेवणं पुरत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा सापडल्यास ५० लाखांपर्यंत.

मराठीत यूट्यूब चॅनेल काढलं तर जाहिरातींतून कमाई होईल?

होईल, पण त्यावर आशा ठेवून बसू नका. जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं असणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतला ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सचा ४५ टक्के. भारतातल्या प्रेक्षकांवर जाहिरातदार मुळात कमी खर्च करतो आणि मार्केटिंगसारख्या विषयाला मराठीत लाखोंचा प्रेक्षक नाही.

पण प्रेक्षक कमी असला तरी चॅनेलचं काम होतं. ‘हॉटेलची गुगलवरची नोंद कशी सुधारायची’ असा साधा व्हिडिओ दोनशे लोकांनी पाहिला आणि त्यातल्या दोन हॉटेलवाल्यांनी फोन केला, तर जाहिरातीच्या वाट्यापेक्षा ते कितीतरी पटींनी जास्त आहे. तेव्हा चॅनेल क्लायंट आणण्यासाठी चालवा, जाहिरातींचे पैसे वरकड समजा.

एक कागद मात्र विसरू नका. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. कराचा फॉर्म भरून भारत-अमेरिका कराराचा लाभ घेतला तर तो १५ टक्के. फॉर्मच भरला नाही, तर जगभरातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. अमेरिकेतले मराठी लोक तुमचं चॅनेल बघत असतील, तर हे आकडे कामाचे आहेत.

कोर्स विकावा का? सगळेच विकतात.

सगळेच विकतात म्हणूनच थांबून विचार करा. ‘महिन्याला लाख कमवा’ शिकवणाऱ्यांपैकी कित्येकांची खरी कमाई तो कोर्स विकण्याचीच असते. त्यांच्याकडे शिकलेला मुलगा पुढे स्वतःचा कोर्स काढतो, कारण त्याला दुसरं काही दाखवलेलंच नसतं. हे वर सांगितलेल्या साखळीपासून फार लांब नाही, असं माझं मत आहे.

तुमच्याकडे ठोस काही असेल तर जरूर शिकवा. पण विषय अरुंद ठेवा : ‘डिजिटल मार्केटिंग ए टू झेड’ नको, ‘कपड्यांच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप कॅटलॉग’ चालेल. पहिल्यांदा दहा-बारा जणांना समोर बसवून शिकवा आणि त्यांच्या शंका टिपून घ्या, रेकॉर्डिंग त्यानंतर. उडेमीसारख्या ऑनलाइन कोर्सच्या बाजारात त्यांनी आणलेल्या ग्राहकामागे शिक्षकाला ३७ टक्के मिळतात, तुमच्या कूपनवरून आलेल्यामागे ९७ टक्के. स्वतः विकलंत तर यूपीआयने पैसे घेता येतात. २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे पैसे स्वीकारण्याचं शुल्क, नाही, मात्र पेमेंट गेटवेवाला आपली वेगळी फी लावू शकतो. परताव्याचा नियम आधीच लिहून ठेवा, आणि कमाईची हमी चुकूनही देऊ नका.

फी ऐवजी विक्रीतला हिस्सा घेतला तर?

इथे पैसा आहे आणि भांडणंही इथेच आहेत.

देवगडच्या बागायतदाराचं उदाहरण घ्या. हापूसचा मोसम मार्च ते मे. त्याला बाराही महिने फी परवडत नाही, पण पेटीमागे ठरावीक रक्कम द्यायला तो आनंदाने तयार होतो. मग प्रश्न सुरू होतात. जाहिरात बघून ज्याने थेट फोन केला, त्याची पेटी तुमच्या हिशोबात धरायची का? गेल्या वर्षीच्या गिऱ्हाइकाने यंदा तुमच्या लिंकवरून घेतली तर? ठाण्याला पोहोचेपर्यंत अर्धी पेटी डागाळली आणि पैसे परत दिले, तर कमिशन कोणाचं बुडालं? या तिन्हींची उत्तरं मोसमाआधी कागदावर हवीत. सोपा उपाय म्हणजे जाहिरातीतला व्हॉट्सॲप नंबर वेगळा ठेवायचा, त्या नंबरवर आलेल्या, रवाना झालेल्या आणि परत न आलेल्या पेट्या मोजायच्या आणि दर आठवड्याला हिशोब मिटवायचा. सोबत थोडी ठोक रक्कम आगाऊ घ्या. अवकाळी पाऊस झाला तर माल नसतो, तुमची मेहनत मात्र झालेली असते.

काही धंद्यांत मात्र असा हिस्सा घेताच येत नाही, किंवा परवाना लागतो. हे फार जणांना ठाऊक नसतं.

बिल्डरकडून विकल्या गेलेल्या फ्लॅटमागे कमिशन घेणार असाल, तर २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यातली एजंटची व्याख्या वाचा. ‘कोणत्याही माध्यमातून’ ग्राहक आणि विक्रेता यांची गाठ घालून मोबदला घेणारा त्यात येतो, आणि एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. ठरावीक फीवर जाहिराती चालवणं वेगळं, फ्लॅटमागे टक्का घेणं वेगळं. शिवाय ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांकासोबत क्यूआर कोडही लागतो, तो डिझाइनमधून गळू देऊ नका.

डॉक्टरकडून पेशंटमागे कमिशन मागू नका. पेशंट पाठवल्याबद्दल किंवा मिळवून दिल्याबद्दल कमिशन देण्याला वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत मनाई आहे. डॉक्टरच अडचणीत येतील. वकिलांना तर जाहिरात करून काम मागण्यालाच बार कौन्सिलच्या नियमांनी अटकाव आहे. विमा आणि म्युच्युअल फंडांचं कमिशन परवाना किंवा नोंदणी असलेल्यालाच घेता येतं.

क्लायंटच्या जाहिरातींचे पैसे माझ्या कार्डवरून भरले तर बिघडलं कुठे? पॉइंट मिळतात की.

पॉइंट मिळतात आणि जीएसटी मागे लागतो. हिशोब करून बघा. पाच क्लायंट, प्रत्येकाची फी १२,००० आणि जाहिरातींचं बजेट ४०,००० रुपये महिना. फीचे वर्षाला ७ लाख २० हजार होतात. सेवांसाठी महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची, म्हणजे तुम्ही तिच्या खूप आत आहात. पण बजेटही तुमच्याच बिलातून गेलं तर त्याचे वर्षाला २४ लाख होतात आणि उलाढाल दिसते ३१ लाख २० हजार. नोंदणी आली, १८ टक्के आले, रिटर्न आले. आणि हातात पडणारे पैसे तेवढेच.

क्लायंटच्या वतीने केलेला खर्च उलाढालीतून वगळण्याची सोय कायद्यात ‘प्युअर एजंट’ म्हणून आहे. पण तिच्या अटी काटेकोर आहेत आणि बिलात तो खर्च निराळा दाखवावा लागतो. सरळ मार्ग म्हणजे जाहिरात खातं क्लायंटचं, कार्ड क्लायंटचं, तुम्हाला फक्त पार्टनर म्हणून प्रवेश. मेटा आणि गुगल इथे जीएसटी लावूनच बिल देतात. क्लायंटने आपला जीएसटी नंबर खात्यात टाकला तर ते बिल त्याच्या नावाने येतं आणि त्या कराचं क्रेडिट सहसा त्याला मिळतं. मुख्य म्हणजे क्लायंटने पैसे थकवले तरी तुमच्या कार्डावर त्याच्या जाहिरातींचं ओझं राहत नाही.

इतक्या ठिकाणांहून पैसे आले की कराचं काय?

सीए गाठा, पण जाण्याआधी एवढं माहीत असू द्या.

छोट्या व्यावसायिकांना उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून रिटर्न भरण्याची कलम ४४एडीची सोय आहे. कमिशन किंवा दलालीचं उत्पन्न असणाऱ्याला मात्र ती नाही. म्हणजे अफिलिएट कमिशन सुरू झालं की हा प्रश्न सीएपुढे मुद्दाम मांडा, नाहीतर तो मागच्या वर्षीचाच फॉर्म पुढे ढकलेल. टीडीएस कोणी १ टक्का कापतं, कोणी १०, क्लायंटच्या अकाउंटंटने कामाला काय नाव दिलं त्यावर. वर्षातून दोनदा तरी २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता) उघडून कापलेले सगळे पैसे तिथे दिसतायत का ते बघा. एखाद्या ब्रँडने वर्षात २० हजारांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू फुकट दिल्या आणि त्या तुम्ही ठेवून घेतल्या, तर जुलै २०२२ पासून त्यावरही १० टक्के टीडीएस लागतो. फुकटचा फोनही उत्पन्नच.

परदेशी क्लायंटचं काम निर्यात ठरत असेल तर त्यावर जीएसटी शून्य. मात्र २० लाखांची मर्यादा मोजताना ती रक्कम धरावी लागते, आणि नोंदणी असेल तर कर न भरता बिल देण्यासाठी एलयूटी, म्हणजे हमीपत्र, भरून ठेवावं लागतं. महाराष्ट्रात स्वतःचा धंदा करणाऱ्याचा व्यवसाय कर, म्हणजे पीटीईसी, वर्षाला २५०० रुपये. रक्कम लहान असल्याने तो विसरला जातो, मग व्याजासकट भरावा लागतो.

किती मार्ग असले म्हणजे सुरक्षित?

आकडा विचारू नका, उगम मोजा. फेसबुक पेजची सेवा, इन्स्टाग्राम रील, मेटाच्या जाहिराती आणि त्यांचाच कोर्स हे चार मार्ग वाटतात, पण एकाच विहिरीला लावलेले ते चार पंप आहेत. भारतात २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा गावोगावच्या पोरांचे लाखो फॉलोअर रातोरात गेले. ज्यांनी लोकांना आधीच यूट्यूबकडे वळवलं होतं, त्यांच्याकडे निदान काही उरलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप मिळून सुमारे सहा तास बंद होते, तेव्हा ऑर्डर घेणारे दुकानदार नुसते बसून होते.

म्हणून निदान एक उत्पन्न असं हवं की जे कुठल्याच प्लॅटफॉर्मच्या मर्जीवर नाही : देखभालीचे करार, समोरासमोरचं प्रशिक्षण, सल्ल्याची फी. आणि ग्राहकांचे फोन नंबर, ई-मेल त्यांच्या संमतीने स्वतःकडे जपलेले हवेत.

क्लायंट पैसे तीन-तीन महिने लटकवतात. जोडउत्पन्न काढण्यापेक्षा हेच आधी सुटेल का?

सुटावं. कित्येकांना नव्या उत्पन्नाची गरजच नसते, जुनं वेळेवर यायला हवं असतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय कलम ४३बी(एच) मुळे क्लायंटने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ज्या वर्षी देईल त्याच वर्षी त्याला तो खर्च दाखवता येतो. इनव्हॉइसवर उद्यम क्रमांक आणि मुदत छापा. क्लायंटशी भांडायची वेळ येत नाही, मार्चमध्ये त्याचा अकाउंटंटच आठवण करतो.

नोकरी सांभाळून हे करता येईल?

खासगी नोकरीत नेमणूकपत्र वाचा, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या कामाला बंदी असते. राज्य सरकारी नोकरांना १९७९ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि खासगी धंद्याला परवानगी लागते. बायकोच्या नावावर करतो म्हणणारे असतात. काम खरंच ती करत असेल तर उत्तम, मग पैसेही तिच्याच खात्यात राहू द्या.

एखादा मार्ग चालत नसेल तर बंद कधी करायचा?

वर्षभराने तासाचा हिशोब करा : त्या कामातून आलेले पैसे भागिले त्यावर गेलेले तास. मुख्य कामाच्या तासाच्या दरापेक्षा तो बराच खाली असेल आणि त्यातून क्लायंटही येत नसतील, तर बंद करा. सुरुवातीचं एक वर्ष गणपती ते दिवाळीच्या तेजीवरून किंवा पितृपक्षातल्या शांततेवरून निर्णय घेऊ नका, दोन्ही फसवे असतात. बंद करताना देखभालीच्या ग्राहकांना दोन महिने आधी कळवा, पासवर्ड आणि बॅकअप हवाली करा, आगाऊ घेतलेल्या पैशांतले उरलेले परत द्या, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख त्यांच्याच कॅलेंडरमध्ये टाकून या.